एका घरातल्या दोन अणुधोरणांची वाटणी

मी, ओदिल वोत्रँ, वय चौऱ्याऐंशी, मूळची फ्रान्सची, हल्ली राहणार रेमरशेन, लक्झेंबर्ग, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस न पाडता हे लिहून ठेवते. कान तेवढे गेले आहेत. कानांनी वाटणी होत नाही.

१. सत्तावन्न साली सहा देशांनी अणुऊर्जेचा एकत्र करार केला. पुढे त्याच कराराची तपासनीस म्हणून मी तीस वर्षे देशोदेशी युरेनियम मोजले, सील ठोकले. सील ठोकायची पक्कड मुलगी आग्नेस हिला.

२. राहते घर पती लिओपोल्ड यास. हा ऑस्ट्रियाचा. अठ्ठ्याहत्तरात त्याच्या देशाने बांधून तयार असलेले अणुवीजकेंद्र मतदानाने बंद ठेवले; त्यात याचेही मत. पुढच्या वर्षी आमच्या कचेरीबाहेर फलक धरून उभा होता.

"फलकावरचं फ्रेंच चुकलंय," मी म्हटले.

"मग दुरुस्त करून दे की!"

दिले. वर्षात लग्न झाले.

३. सासूबाईंचे चांदीचे चमचे त्यांच्या माहेरच्या माणसांना परत. शहाऐंशीच्या एप्रिलअखेर चेर्नोबिलच्या अणुकेंद्रातल्या स्फोटाची बातमी आली. लिओपोल्डने बागेतला पालक उपटला, पाच वर्षांच्या आग्नेसला घेतले आणि ऑस्ट्रियात लिंट्सला आपल्या आईकडे निघून गेला. "तुझ्या कराराने एक वाफा तरी वाचवला का?" एवढेच म्हणाला. सहा आठवडे फोन नाही. शेवटी मी किरणोत्सार मोजायचे यंत्र घेऊन तिथे गेले. सासूबाईंच्या बागेत आकडा आमच्यापेक्षा जास्त!

"इथे पळून आलास होय?" मी म्हटले. त्याने यंत्र हातात घेऊन आकडा पुन्हा वाचला नि मान डोलावली. मग मीही कबूल केले, "खाण्यात किती किरणोत्सार चालेल, याची मर्यादा प्रत्येक देशाची वेगळी. ती आधीच एक करायला हवी होती. तिथे तुझंच खरं."

सासूबाई ओरडल्या, "मोजून झालं असेल तर जेवायला बसा!"

संध्याकाळच्या गाडीने तिघे घरी आलो.

४. कपाटभर नियम आणि ठराव आग्नेसला. समासात आम्हा दोघांची भांडणे आहेत; फाडू नयेत. पंच्याण्णवात ऑस्ट्रिया युरोपीय युनियनमध्ये आला. "आता तूही माझ्या करारात!" म्हणून मी नाचले. "आता आतून विरोध करीन," तो म्हणाला. दोन हजार बावीस साली युनियनने अणुऊर्जेला अटी घालून हरित गुंतवणुकीत घेतले, तेव्हा मी आनंदाने केक केला आणि तो दिवसभर धुसफुसत राहिला. माझा केक मात्र अर्धा संपवला.

५. आम्हा दोघांना एकाच कबरीत ठेवावे. जो मागे राहील, त्याचा शब्द शेवटचा. म्हणून मला मुळीच घाई नाही.

वाचून, हसून, सही केली.

ओदिल वोत्रँ

साक्षीदार:
नॉर्बेर शिल्त्झ, शेजारी
मारीज थील, बेकरीवाली

रेमरशेन, १४ मे २०२५