बजेटात बसणारी शांतता

३ मार्च, सोमवार, सकाळी ७.१०
काल जुना टीव्ही गेला. हिची मालिका आणि माझी मॅच एकाच वेळी. रिमोट हातातून निसटला. निसटताना जरा वेगात निसटला, इतकंच. हल्ली वस्तूच तकलादू बनवतात.

ही पोरीला घेऊन भावाकडे गेली. जाताना म्हणाली, दोन आठवडे घरात एकही वस्तू फुटली नाही, तर सोळा तारखेला बॅग घेऊन येते. फुटली तर वाट बघू नका.

मी मुळात शांत माणूस. अठरा वर्षं काचसामानाच्या पॅकिंग खात्यात आहे. ‘जपून हाताळा’चा स्टिकर रोज दोनशे खोक्यांवर माझ्या हाताने लागतो. मला असं बोलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

डोकं थंड ठेवून विचार केला. भांडणाचं मूळ तांत्रिक आहे. टीव्ही एक, कार्यक्रम दोन. नवा टीव्ही घ्यायचा, सोबत डिजिटल रेकॉर्डर. मॅच बघायची, मालिका रेकॉर्ड करायची. आमच्या संसारात एवढी एक वायरच कमी होती.

संकल्प: घरात काही फोडणार नाही. बजेटबाहेर जाणार नाही. रोज दहा मिनिटं दीर्घ श्वसन.

४ मार्च, मंगळवार
श्वसनाला बसलो आणि खालच्याने ड्रिल सुरू केलं. काठीने जमीन ठोकली. काठी मोडली. काठी बाहेर फिरायला न्यायची असते, म्हणजे घरातली वस्तू नव्हे. मोजत नाही.

५ मार्च, बुधवार, संध्याकाळी
दुकानात भिंतभर टीव्ही. सेल्समन म्हणजे नुसता टाय, आत माणूस जेमतेम. टायला विचारलं, रिमोट लागला तर काच टिकते का? म्हणाला, असं अजून कुणी विचारलं नाही. अनुभव कमी.

काउंटरवर डेमोचा कॅमेरा आहे. समोर कुणी आलं की आपोआप सुरू होतो, रेकॉर्डर ते साठवतो आणि पुन्हा दाखवतो. सोळा टीव्हींवर मी. भारदस्त दिसतो.

किमती ऐकून पाकीट पुन्हा खिशात ठेवलं. बजेटात बसतो तो फक्त डेमोचाच जोड, टीव्ही आणि तोच रेकॉर्डर. म्हटलं, शनिवारी नेतो. टाय म्हणाला, एकच पीस आहे, राखून ठेवता येणार नाही. त्याच्याकडे मी नुसतं बघितलं. दोन पावलं मागे सरला.

६ मार्च, गुरुवार
चहाच्या कपाचा कान तुटला. कप शाबूत आहे, मोजत नाही. कप भिंतीपर्यंत कसा गेला हा वेगळा विषय.

गोदामात शेजारच्या टेबलावरच्याने स्टिकर उलटा लावला. टेपचं रीळ त्याच्या दिशेने गेलं. कपाळाला टेंगूळ. गोदाम म्हणजे घर नव्हे.

८ मार्च, शनिवार, दुपारी ३.००
जोड घेतला! बजेटच्या आत!

दुकानात गेलो तर एक हिरवा स्वेटर माझ्या रेकॉर्डरवर हात ठेवून उभा. चांगला आडदांड गडी. मी खांद्यावर हात ठेवून नम्रपणे दोन शब्द सांगितले. त्याला बहुधा चक्कर आली. सावरायला गेलो तर त्याचं नाक माझ्या कोपराला लागलं. दोनदा. टाय मध्ये पडला, स्वतःहून. त्याच्या गळ्यातला टाय माझ्या मुठीत कसा आला कळलं नाही.

मॅनेजर धावत आला. हिरव्या स्वेटरला विचारलं, पोलिसांना बोलवू का? तो नको म्हणाला, त्याला फक्त बसायचं होतं. समजूतदार माणूस. मग मॅनेजर मला म्हणाला, घ्या तो जोड आणि निघा. वर आणखी सूट! घासाघीस करावी तर अशी.

रेकॉर्डरवर दोन लाल ठिपके होते. पुसले.

संध्याकाळी ६.१५
हिला फोन केला. दुकानात एका गृहस्थाला चक्कर आली, मी सावरलं, असं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, खरंच? आवाज मऊ होता. असा आवाज किती वर्षांनी ऐकला!

पोरीने फोन घेतला. म्हणाली, बाबा, वायरींना हात लावू नका, मी आल्यावर जोडते. दहा वर्षांची आहे आणि बापाला शिकवते.

११ मार्च, मंगळवार
तीन वायरी, चार भोकं. माहितीपुस्तिका फाटली. आधी उभी, मग आडवी. कागद फाटतो, फुटत नाही. मोजत नाही.

१३ मार्च, गुरुवार
मेव्हणा न सांगता टपकला. घरभर फिरून वस्तू मोजल्या. कानतुटक्या कपाकडे उगाच बघत राहिला. निघताना दार जोरात लागलं, त्याची बोटं मध्ये होती. वारा फार होता. बोट ही वस्तू नव्हे.

१६ मार्च, रविवार, सकाळी ९.००
घरात एकही वस्तू फुटलेली नाही. जिंकलो! काचसामान कागदात गुंडाळून कपाटात ठेवलं, वर ‘जपून हाताळा’चे स्टिकर लावले. हिला हसू येईल.

संध्याकाळी ५.४०
आले. मेव्हण्याच्या बोटांना पट्टी. हिने बॅग दाराशी ठेवली. स्टिकर बघून खरंच हसली.

पोरीने पाच मिनिटांत वायरी जोडल्या. म्हणाली, आत आधीच काहीतरी रेकॉर्ड झालंय, चार मिनिटांचं. मी म्हटलं, तो बुधवारचा डेमो, मी भारदस्त दिसतो, लाव. मीच म्हटलं.

शनिवारचं होतं. आवाज नव्हता.

पोरगी टीव्हीवरची नजर न काढता उठली. माझ्या हातातला पाण्याचा ग्लास काढून घेतला. रिमोट उचलला, स्टुलावर चढून कपाटावर ठेवला. फुलदाणी कोपऱ्यात सरकवली. मग आईच्या पलीकडे जाऊन बसली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. सवयीने केलं सगळं.

मी म्हटलं, पण दोन आठवड्यांत घरात काही फुटलं का, सांग. ही म्हणाली, नाही फुटलं. आम्ही नव्हतो ना घरात.

बॅग दाराशीच होती, उचलायला वेळ लागला नाही.

१७ मार्च, सोमवार, संध्याकाळी ७.३०
कामावर गेलो नाही. पुस्तिका चिकटपट्टीने जोडली. रेकॉर्डिंग पुसायचं पान सापडलं. पुसण्याआधी एकदा बघावं म्हटलं.

आधी वाटलं, कॅमेऱ्याच्या कोनामुळे तसं दिसतंय. तीनदा बघितलं. कोन बरोबर आहे. हिरवा स्वेटर आडदांड नाही. काडीसारखा म्हातारा आहे, चष्मा आहे. मी दिसताच त्याने रेकॉर्डरवरचा हात काढला होता. दोन्ही हात वर केले होते. खांद्यावर हात मी ठेवलाच नाही. नंतर तो खाली बसून चष्मा शोधतोय, आणि मी मागे उभा राहून किंमत विचारतोय.

लाज वाटली. पुसलं नाही.

आठ वाजता हिची मालिका आणि माझी मॅच. मालिका रेकॉर्डला लावली, मॅच लावली नाही. यात चारशे तास बसतात, टाय म्हणाला होता.

रिमोट पुन्हा स्टुलावर चढून कपाटावर ठेवला.