फाटकावरची बाई

मु. कोन, ता. पनवेल
८ जानेवारी २०२५

चि. मितेश यास,

आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिला, असं समज. तुझी आई, माझी वेणू, बरी आहे. माझा खोकला आहेच. मागे आणखी एक टॉवर उठतोय, त्याची धूळ ताटातल्या भातावरही बसते. फोन केला नाही, कारण फोनवर मला मोठ्याने बोलावं लागतं आणि वेणू दारातच वालाच्या शेंगा निवडत बसलेली असते. तिला हे कळता कामा नये. पत्र मिळालं की तुझ्या पुतणीच्या मोबाइलवर तेवढं कळव. नाहीतर पोस्टमनने कुठे टाकलं याचाच घोर लागून राहील.

तुझं पुस्तक वाचलं. मी चौथी शिकलेला, ओळीवर बोट ठेवून वाचतो, म्हणून एकही ओळ सुटली नाही. त्यात मुंबई रुसते, खोकते, तुझ्या अंगावर पांघरूण घालते. शहर पांघरूण घालतं होय? आणि आमचं कोन अर्ध्या पानात संपलं. 'खारट, मुकं गाव.' इथे कोण मुकं आहे ते मला दाखव.

ते जाऊ दे. गाव तरी उद्या कुठे राहणार आहे.

वेणूला वाचता येत नाही. तुझ्या पुतणीची शाळा इंग्रजी, ती मराठीत अडखळते. म्हणून दुपारची जेवणं झाली की वाचून दाखवायचं काम माझ्यावर आलं. काही पानं मी गाळली. वसतिगृहाचा भाग मात्र गाळता आला नाही. तीच विचारायला लागली, "आमच्या फाटकाचा कायच लिवला नाय का त्यानी?"

लिहिलं आहेस ना. दर शनिवारी फाटकावर एक मासळीवाली यायची, तांदळाची भाकरी आणि सुकट द्यायची. नाव कधी कळलं नाही. 'तिच्या रूपाने हे शहरच मला जेवू घालत होतं.'

नाव कळलं नाही?

पहाटे चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायची आणि पळस्प्याहून एसटी धरायची ती. मित्रांनी विचारलं तेव्हा "मासळीवाली आहे" म्हणालास, हे तिनेच घरी येऊन हसत सांगितलं. "पोरांत लाजतो तो. लाजू दे." मी येऊन तुझी कानउघाडणी करणार होतो, तिने मला अडवलं. कॉलेजचं पोर लाजतं, तेवढं मलाही कळतं. चाळिशीचा माणूस तेच छापून आणतो?

मी वाचलं, 'दर शनिवारी माझी आई फाटकावर यायची.' पुढे सुचेल ते वाचत गेलो. ती म्हणाली, "कुठं हाय? बोट ठेवा." मी ठेवलं. तिने आतून करंडा आणला आणि त्या ओळीवर कुंकवाचं बोट टेकवलं. आता ती आळीभर ते पान दाखवत हिंडते. गोदूबाई म्हणाली, "वेणूबाय, तू तं छापून आली."

रविवारी पनवेलच्या वाचनालयात तुझा कार्यक्रम आहे. तिने साडी काढून ठेवली आहे. पुस्तक पिशवीत घालून आणणार आणि सगळ्यांसमोर ते पान तुझ्यापुढे धरणार, "ह्ये वाच." मी आजाराचं सोंग केलं तर ती गोदूबाईबरोबर येईल. विचार करून डोकं शिणलं माझं.

येऊ नकोस, असं लिहायला बसलो होतो. लिहीत नाही. ये, आणि मी वाचलं तसं वाच. लोकांच्या हातात पुस्तकं असतील. एखादा उठून म्हणेल, असं छापलेलं नाही. त्याला काय सांगायचं ते तू बघ. शब्द तुझ्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत.

त्या ओळीवर कुंकू आहे, खालची अक्षरं नीट दिसत नाहीत. त्याचा फायदा घे.

रविवारपर्यंत तुझा बाप,
काशिराम