राहून गेलेली वरात

॥ श्री ॥
सिरसाळा, ता. २ फेब्रुवारी १९८८

ती. अक्कास सुंदराचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे आम्ही सगळे खुशाल. चाऱ्याची ओरड आहेच, पण गाय अजून दोन्ही वेळा दूध देते.

आमच्या दूध संस्थेची सहल निघतेय, आणि वाटेत संस्थानिकांच्या जुन्या घोडागाड्यांचं म्युझियम आहे! लग्नात यांनी कबूल केलेली बग्गी मी आता वसूल करणार. हे म्हणतात, मी चेअरमन हाय, सभासदांसमोर असला पोरखेळ जमायचा न्हाई. जळली ती खुर्ची! तीन दिवस झाले, मी बोलत नाहीये. तुझ्या गुडघ्याचं कळव.

तुझी,
सुंदरा

पाटोदा, ता. ८ फेब्रुवारी

चि. सौ. सुंदरास केसरचे अनेक आशीर्वाद.

हसून हसून ठसका लागला. त्र्याहत्तरच्या दुष्काळात चारा नाही म्हणून बग्गीवाल्यानं घोडाच विकला, आणि तुझी वरात निघाली पाण्याच्या टँकरमधून! तू ड्रायव्हरशेजारी मुंडावळ्या बांधून, आणि मागून अख्खं गाव घागरी घेऊन पळतंय. नवरीकडं बघायला एक माणूस थांबला नाही गं! मांडवपरतणीला येऊन माझ्या गळ्यात पडून किती रडलीस, मी विसरले नाही.

तेव्हा बसल्याशिवाय परत येऊ नकोस. विठ्ठलरावांना सांग, चेअरमनकी संस्थेत, घरी तुम्ही नवरदेवच. गुडघा आहे तसाच. लोभ कमी करू नकोस, पत्रं तर मुळीच कमी करू नकोस.

तुझी अक्का,
केसर

सिरसाळा, ता. २१ फेब्रुवारी

ती. अक्का, नमस्कार.

बसले!

आत पाटी होती, गाड्यांना हात लावू नये. हिरव्या गादीच्या बग्गीपुढं मी उभी राहिले ती हललेच नाही. पहारेकरी म्हणाला, ही रंगवायला शेडमध्ये न्यायचीय, पण ओढायला माणसं नाहीत. यांनी माझ्याकडं बघितलं, मग त्याला म्हणाले, आमी ओढतो, पण आमची मंडळी आत बसंल. तो हसत हो म्हणाला. यांनी टोपी माझ्या हातात दिली, धोतर खोचलं आणि घोड्याच्या जागी स्वतः उभे राहिले! सभासद मागून ढकलतायत, संस्थेचा शिपाई म्हाळू तोंडानं सनई वाजवतोय, आणि मी वर महाराणी. म्युझियमच्या चौकाला वळसा झाला. हे धापा टाकत विचारतात, उतरतीस का? मी म्हटलं, सासर लई लांब हाय अजून. आणखी दोन चकरा ओढल्या गं! शेड राहिली बाजूलाच.

आता कंबर शेकत पडलेत आणि गालातल्या गालात हसतात. मलाही हसू येतं, आणि डोळे भरून येतात. पंधरा वर्षं या एका टोमण्यावर संसार केला, अक्का. आता यांच्याशी भांडू तरी कशावरून? काही सुचलं तर उलट टपाली कळव, आणि माया असू दे.

तुझीच,
सुंदरा