खेळातली बहीण

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद आहेतच, पण आज पाठीत एक धपाटाही घे.

माझी तब्येत ठणठणीत आहे. इथे दातांच्या कवळ्यांच्या कारखान्यात कामही भरपूर आहे. रविवारी तू एकट्याने बनवलेला व्हिडिओ गेम खेळायला बसले. पहिला तासभर नुसती हसत होते. आपलं स्वयंपाकघर, कडी न लागणारी खिडकी, सगळं हुबेहूब! वाटलं, भाऊ कलाकार झाला माझा.

मग खेळात बाबा आजारी पडले. भाऊ त्यांना उचलून बसवतो, औषध देतो, परदेशातल्या बहिणीला फोन लावतो. ती उचलतच नाही. मी अकरा वेळा बटण दाबलं, तरी नाही. गेमच्या पानावर कुणीतरी लिहिलंय, "काय दगडाच्या काळजाची बहीण!" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

अरे, फोन मीच करत होते ना रोज! "बाबा बरे आहेत, उगाच धावत येऊ नकोस," हे कोण म्हणालं होतं? भरलेली बॅग मी तुझ्या शब्दावर रिकामी केली. चौथ्या दिवशी ते गेले.

गेम बदल. बहिणीला देवी करू नकोस, पण "येऊ नकोस" म्हणणारा भाऊ त्यात आलाच पाहिजे. तोवर माझ्याशी बोलू नकोस.

आईने पाहिला का हा खेळ? ती नीट जेवते ना?

आणि त्यातला बाबांचा खोकला खरा आहे ना रे? कधी रेकॉर्ड केलास? तेवढा आवाज मला वेगळा पाठव.

तुझ्यावर चिडलेली,
ताई