गोदे, बळद फोडलं

गोदे, बाई माझी,

अनेक आशीर्वाद. आता तुला आशीर्वादांचं काय करायचं म्हणा! पण हाताला सवय, तो आपला लिहून मोकळा.

आज लिहायला बसले, कारण आज तो आला होता. आपल्या घरी, भर दुपारी, पानं मांडायच्या वेळेला. ज्याच्या अंगावर तू कढत तेलाची पळी रिकामी केलीस, तो. लुटीच्या दिवशी आपल्याच घरात जेवून मग तुझा जीव घेणारा तो कारकून. गोदे, तो जिवंत आहे! आणि आजही पोटभर जेवला, माझ्या हातचं.

थांब, दचकू नकोस. सगळं सांगते.

अक्षर वेडंवाकडं आलं तर हसू नकोस. डाव्या हाताला कोरफड बांधली आहे, कागद उडू नये म्हणून वर वरवंटा ठेवलाय. आठवतं? विद्यार्थ्यांच्या धूळपाट्या पुसायच्या आधी मी त्यांवरून बोट फिरवून अक्षरं शिकायची, तेव्हा तू पदर तोंडाला लावून हसायचीस. "वन्सं, पुढच्या श्रावणात तुम्हीही बसा हो दक्षिणेला!" आणि मग हळूच विचारायचीस, "माझ्या आईला एक पत्र लिहून द्याल?" देते म्हणाले होते. तेवढ्यात ते लुटीचं साल उजाडलं.

घर अजून चालतंय. श्रावण लागला की सरकारची दक्षिणा घ्यायला येणारी शास्त्री मंडळी पडवीत उतरतात, काही शिकायला राहतात ती वर्षभर हलत नाहीत. तापाने दादा गेला, तेव्हापासून दोन्ही चुली मीच बघते. न्यायवाला आणि व्याकरणवाला अजून एकमेकांच्या शेंडीपर्यंत जातात आणि जेवायला मात्र शेजारी बसतात. अप्पाशास्त्री तू होतीस तेव्हा म्हातारे होते, अजूनही म्हातारेच आहेत. दात एकही नाही. त्यांचा शेवटचा घास होईपर्यंत सगळी पंगत हात वाळवत बसते.

तुझा नियमही मोडला नाही मी. पानावर बसलेल्याला उठवायचं नाही, मग तो कुणी असो. तो नियम आज माझ्या गळ्याशी आला.

आणि तुझी यमू आली आहे बाळंतपणाला. आठवा लागलाय. पोट वर आलंय, पण चेहरा एवढासा. का, ते तुला ठाऊक आहे. बाळंतिणीची खोली तीच, माजघराला लागून असलेली अंधारी. आणि त्या खोलीच्या परसाकडच्या भिंतीत बांधलेलं ते धान्याचं बळद. तू मेलीस तेव्हापासून त्यात मी धान्याचा दाणा घातलेला नाही. यमू त्या खोलीच्या उंबऱ्याशी गेली तरी तिचा श्वास कोंडतो. सुईण मला बजावून गेली, "आत्याबाई, पोरीनं कळा देताना असा श्वास धरला, तर दोघंही हातची जातील." दुसरी खोली कुठून आणू? सगळीकडे पुरुष उतरलेले. रोज मी तिला समजावते, रोज ती पांढरीफटक होते. महिनाभर मला दुसरा घोर नव्हता.

त्या दिवसाचं तुला काय सांगायचं? पण मला बोलू दे. इतकी वर्षं कुणाशी बोलले नाही मी.

हडपसरच्या अंगाला तोफा वाजत होत्या. दादा बैलगाडी मिळते का बघायला गेला तो अडकला. गल्लीच्या तोंडाशी किंकाळ्या ऐकू आल्या, तशी तू विद्यार्थ्यांना आणि अप्पांना परसाच्या दाराने नदीकडे पिटाळलंस. दादा येईपर्यंत तू घर सोडायची नव्हतीस, आणि यमू तुला सोडून जाईना, सहा वर्षांची पोर! तिला बळदात उतरवलंस, वर झाकण, झाकणावर शेणाचा हात. "आवाज केलास तर आई मरेल," म्हणालीस तिला. असं का म्हणालीस गं? दुसरं काहीही म्हणायचं होतंस!

पाच-सहा शिपाई आणि त्यांचा तो कारकून. शिपायांनी समोरच्या घरातल्या सोनाराला आपल्या पायरीवरच कापला. रक्त आपल्या रांगोळीवरून वाहत आलं. आणि हा मात्र पाय धुऊन, पागोटं खुंटीला लावून पाटावर बसला! "वहिनी, आधी वाढा. मग बोलू."

तू वाढलंस. मला वाटलं, आता तू त्याच्या ताटात काहीतरी कालवशील. नाही. तूप वाढलंस, आणि सवयीने म्हणालीससुद्धा, "सावकाश होऊ द्या." वेळ काढत होतीस ना? पोरं नदीपार व्हावीत म्हणून? मला ते फार उशिरा कळलं.

जेवला, आंचवला, तुझ्याच धुतल्या लुगड्याला हात पुसले आणि थेट त्या खोलीत गेला. ओला शेणाचा हात त्याच्या नजरेतून सुटतो होय! झाकणाला हात घातला, आणि तू चुलीवरची फोडणीची पळी त्याच्या कानाखाली उलटी केलीस. मांस चरचरलेलं मी ऐकलं, गोदे. त्यानंतर शिपाई धावले. माझा हात त्यांनी खांबाला बांधताना मोडला. तुझ्या तोंडाला तोबरा बांधला, घोड्याला चंदी घालतात तो, आत गरम राख आणि तिखट भरून. पाठीत बंदुकीचे दस्ते घालायचे, म्हणजे श्वास ओढावाच लागतो. तू ओढायचीस, आणि तुझे पाय जमिनीवर आपटायचे. "बळद कुठं पळत नाही. बाकीचं कुठं पुरलंय?" तू मान हलवायचीस. आणि तो, खांद्याला ओलं फडकं लावून, शिपायांना काय म्हणाला? "सावकाश होऊ द्या. घाई नाही."

मग शेजारच्या आळीत मोठं घर फुटलं म्हणून आरडाओरड झाली आणि ते तिकडे पळाले. झाकण न उघडता! मी दातांनी दोर तोडला. तोबरा सोडला, तोवर तू गेली होतीस. झाकण काढलं, तर यमू आत उभीच. डोळे उघडे, तोंडात स्वतःची मूठ. तिने पाहिलं काहीच नव्हतं. ऐकलं होतं सगळं.

आता आजचं ऐक.

दुपारी एकजण दारात उभा राहिला. पांढऱ्या भुवया, कानांवर ओढलेलं पागोटं, काखेत पोथ्यांचं गाठोडं. "माई, दक्षिणेसाठी आलोय लांबून. एक पान मिळेल?" आपल्याकडे दुपारच्या माणसाला नाही कधी म्हटलंय? अप्पांच्या शेजारी पाट मांडला. मी भात वाढत होते, यमू तूप. पागोटं आणि अंगरखा काढून तो बसला. अप्पा नेहमीसारखे घास घोळवत होते. त्यांच्याकडे बघून तो हसला आणि म्हणाला, "शास्त्रीबुवा, सावकाश होऊ द्या. घाई नाही."

यमूच्या हातातलं तुपाचं भांडं पडलं.

"आत्या," ती म्हणाली. एवढंच. मी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. उघड्या अंगावर कानापासून खांद्यापर्यंत ती सुरकुतलेली, चकाकणारी कातडी! पागोट्याखाली, अंगरख्याखाली लपवून शहरात हिंडत होता मेला, आणि जेवायला म्हणून सोवळ्यात बसला आणि उघडा पडला.

यमू आत गेली. मी मागे गेले, तर पोरीने तुझीच पळी चुलीवर धरलेली, काठोकाठ तेल.

"यमे, पानावर आहे तो."

"ठाऊक आहे. उठू दे."

मी पुन्हा बाहेर आले. भाताचं भांडं उचललं आणि त्याच्यापुढे उभी राहिले. विचारलं, "काय हो, हे कशानं भाजलं?"

"लहानपणी, माई. फोडणी उडाली."

"कुणाच्या हातची?"

तेव्हा त्याने मान वर केली. खांब पाहिला. माझा वाकडा हात पाहिला. दारात पळी घेऊन उभी असलेली यमू पाहिली, तुझंच नाक, तुझेच डोळे. रंग उतरला त्याचा. आणि मग काय म्हणाला असेल? "भात वाढा."

वाढला. संपवला. "अजून." वाढला. त्याला नियम आठवत होता, गोदे! पानावर आहे तोवर कुणी हात लावणार नाही, हे तो तुझ्याच पंगतीत शिकून गेला होता. घाम पानावर टपकत होता, घास गळ्याखाली उतरत नव्हता, तरी कोंबत होता. व्याकरणवाला कंटाळून म्हणाला, "अहो, पोट आहे की पेव? आमच्या मांडीला मुंग्या आल्या."

मग मी सांगितलं सगळ्यांना. भांडं खाली ठेवून, मोठ्याने. हा कोण, गोदाचं काय केलं, बळदात कोण होतं. अप्पांनी ऐकलं. त्यांच्या पानावर अर्धा भात होता. आयुष्यात कधी पान टाकलं नाही त्या माणसाने. हात झटकले, भिंत धरली आणि उठले. "आज मी आधी उठतो," म्हणाले. "त्या दिवशी मी जेवून नदीपार गेलो, ते तिच्या जिवावर. ह्याच्या शेजारी घास म्हणजे तिचं मांस." त्यांच्यामागून सगळी पंगत उठली. हा एकटा राहिला, भाताच्या ढिगापुढे.

"माई, मी चाकर माणूस. हुकूम होता."

मी त्याला ताक वाढलं. म्हटलं, "सावकाश होऊ द्या. हाही हुकूमच होता का?"

तो पानावरूनच उडाला. भात तुडवत दाराकडे धावला, आणि यमू आडवी आली. पळी वर गेली. मी तिचं मनगट धरलं. तेल माझ्या हातावर आलं, त्याच वाकड्या हातावर. बरंच झालं, त्याला निदान काही काम मिळालं!

रागावलीस? रागाव. तुझ्या मारेकऱ्याला वाचवायला मी पुढे नव्हते झाले गं. आठव्या महिन्यातली पोर, तेच हात उद्या नाळेचं मूल धरणार. त्या हातांना मांसाचा वास लागलेला मला नको होता.

तो पडवीत आपटला. पुढचं विद्यार्थ्यांनी पाहिलं. लाकडं होती, जळणाची. मी बघायला गेले नाही, आतून ऐकलं. लाकूड हाडावर बसल्याचा आवाज, मग दात पायरीवर सांडल्याचा. गल्लीतली माणसं उतरली, सोनाराचा भाऊही. रांगत पेठेबाहेर गेला म्हणतात, तोंडाचा लगदा घेऊन. कुठे गेला, मी विचारलं नाही. एक सांगू? त्याची दयाही आली नाही आणि पोटही भरलं नाही.

यमूने मात्र माझा पदर धरून ओढला. "आत्या, का धरलंस? मला काहीतरी मोडू दे! आतून गच्च झालंय सगळं!"

मी इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात मुसळ होतं. तिच्या हातात दिलं, तिला त्या खोलीच्या उंबऱ्याशी नेलं. बळद दाखवलं. म्हटलं, "ते मोड."

ती आत गेली, गोदे. पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी. पहिला घाव घातला आणि ओरडली. लुटीच्या दिवशी तोंडात मूठ घालून धरलेली ती ओरड असावी. माझ्या अंगावर काटा आला, आणि मला बरं वाटलं. तीन-चार घावांनंतर मी मुसळ काढून घेतलं, पोटाची काळजी नको का? मग व्याकरणवाला आणि न्यायवाला दोघे भिडले, भांडत, कुदळ घेऊन. मातीचा लिंपा गळून पडला. आतल्या बाजूला, पोरीच्या उंचीवर, नखांचे ओरखडे होते. बारीक, खोल. मी त्यांवरून बोट फिरवलं. मग परसाकडची भिंत कोसळली आणि ऊन आत आलं.

हे पत्र मी त्याच खोलीत बसून लिहिते आहे. दिवा लावलेला नाही, भोकातून येतो तो उजेड पुरतो. यमू माझ्या मांडीशी झोपली आहे, आणि तोंड उघडं टाकून घोरते आहे, चक्क तुझ्यासारखी!

पत्र लिहून झालं की चुलीत घालीन. तुला आम्ही आगीच्याच हाती दिलं होतं, ते पोहोचवील.

ती भोकाची भिंत मी बुजवणार नाही. खिडकी बसवून घेईन, रुंद, गज नसलेली. तुझं नातवंड उजेडात येईल, आणि यमू हवं तेवढं ओरडेल. शेजारी ऐकोत, पडवीतले शास्त्री ऐकोत. "आवाज करू नकोस" असं तिला ह्या घरात पुन्हा कुणी म्हणणार नाही, हा माझा शब्द. आणि पाटावर जो बसेल त्याला वाढतच राहीन. फक्त आधी अंगरखा काढायला लावून नीट बघीन!

तुझी,
वन्सं