डावीकडची सीट

दादा, आपली गाडी काल गेली. तुम्ही असता तर "गेली म्हनू न्हाई" म्हणून आधी मलाच झापलं असतं. मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. कळमनुरीच्या आपल्या कापडदुकानात भर गिऱ्हाइकांसमोर मी विचारलं होतं, "दुकान बंद करू का?" आणि तुम्ही हातातली मीटरपट्टी गादीवर आपटलीत. "बंद म्हनतात का लेका? वाढव म्हन." फुटलेली बांगडी वाढते, फोडलेला नारळ वाढतो, तसं संध्याकाळी दुकानही वाढवायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. लोकांसमोर बोललात याचा राग मात्र बरेच दिवस राहिला.

गाडी घेतलीत ती पोराला, म्हणजे मला, नोकरी लागली म्हणून. स्वतः कधी स्टिअरिंगला हात लावला नाहीत. तुमची जागा डावीकडची. मी चालवतोय आणि तुम्ही तिथून गाडी हाकताय, "हळू. म्हैस हाय म्होरं. इतकी घाई काहून?" पायाखाली ब्रेक नसतानाही तुमचा पाय दाबलेलाच. फार वैताग यायचा, दादा. तुम्ही गेल्यावर आई त्या सीटवर कुणालाच बसू देईना, पिशवीसुद्धा ठेवू देईना. ती मागे बसायची आणि मी पुढे, तुमच्या शेजारी. शेजारी म्हणतो, कारण वळण आलं की तुमचं खाकरणं ऐकू यायचं. त्याची मला भीती वाटायची, आणि एखाद्या वळणावर ते आलं नाही तर जास्तच वाटायची.

गेल्या महिन्यात कुरुंद्याहून, मावशीकडून परत येत होतो. डोंगरकड्याच्या अलीकडे, दिवस मावळताना, रस्त्याच्या कडेला हळदीची ट्रॉली उभी होती. तिच्यावर आदळलो. गाडीची डावी बाजू पार आत गेली, तुमची सीट चेपून गेली. मला खरचटलं, मागे बसलेल्या आईला थोडा मुका मार. तेव्हापासून येईल त्याला ती सांगून राहिलीय, "ह्यांनीच वाचिवलं आमाला. मार आपल्या अंगावर घेतला." परवा मी गॅरेजला निघालो तर दारातच आडवी आली. "मोडीत घालू नको बाबा. नीट करून आन. आता त्या जागंवर मी बसते. लई दिवस एकलेच बसले ते."

गॅरेजमध्ये विम्याचा सर्व्हेअर आला होता. तो शहरातला. म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करण्यात अर्थ नाही, टोटल लॉस दाखवू, गाडी मोडीत आणि विम्याची रक्कम तुम्हाला. मिस्त्री आपल्याच गावचा. त्याने दाराचा खांब चाचपून पाहिला. "उभी करून देतो भाऊ. चालंल बराबर. फकत ह्यो खांब पयल्यासारखा ऱ्हानार न्हाई."

"मग काय ठरलं, सर?" सर्व्हेअरने विचारलं. मोडीत काढा म्हणायला मी तोंड उघडलं आणि निघालं ते तुमचं बोलणं, "वाढवा." तो वैतागला. "वाढवून मिळत नसतं सर, नियमात बसेल तेवढंच." मिस्त्रीला मात्र कळलं. "वाढवा म्हंजी मोडीत, साहेब. आमच्याकडं असंच म्हंतेत," तो हळूच म्हणाला. हसू यायला हवं होतं. मला रडू आलं, तेही परक्या माणसांसमोर.

घरी आईला सांगितलं, मिस्त्री नाही म्हणाला, होत नाही म्हणाला. काल गॅरेजमधून गाडी ओढून घरासमोरून नेली, तेव्हा ती बाहेर आली नाही. नंतर मात्र अंगणात गाडी लागायची तिथे जाऊन बराच वेळ उभी राहिली. मी खिडकीतून बघत होतो. तिला आत बोलवायचा धीर झाला नाही.

हे लिहिलेलं तिच्या हाती लागू नये म्हणून फाडून टाकणार आहे. ती म्हणते तसं काही झालं नव्हतं, दादा. ट्रॉली लांबूनही दिसली असती, उजेड होता. मी रस्त्याकडे बघतच नव्हतो. तुमच्याकडे बघत होतो. गाडी नीट होऊन उद्या त्या जागेवर आई बसली असती, तरी मी तुमच्याकडेच बघितलं असतं.