पहिला भात शकुनबाईच्या घरी

॥ श्री ॥

कारधा,
१२ जून २०२५

चि. धनंजयले आनंदाआजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू कुलगुरू झाला. हा शब्द मी आधी पाटीवर तीन बारी गिरवला, मग कागदावर काढला. लहान शब्द आहे, पण माझा ऊर एवढा भरून आला की खडू मोडला.

पुलाजवळ तुझा बॅनर लागला आहे. मी काठी टेकत पाहून आली. त्यात तू हसून नाही राहिला. काहून बाप्पा? कुलगुरूले हसाची बंदी असते का? शकुनबाई संगं होती. ती म्हणे, हाच तो पोट्टा, माझ्या म्हशीच्या मागं नागडा पळे, आता याले कोट घालून टांगलं. मी तिले म्हटलं, जरा जीभ आवर, आता तो मोठा साहेब आहे. तर म्हणे, साहेब तुझ्यासाठी, मी त्याचं नाक पुसलं आहे. खोटं नाही. तुझी माय गेली तेव्हा तू चार वर्षांचा. अर्धा माझ्या घरी वाढला अन् अर्धा भिंतीपलीकडं तिच्या घरी. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात लग्न होऊन आलो, ते तर तुले पाठच आहे.

लोकं विचारतात, तो करते काय? मी सांगते, आधी धानाच्या पोटात काय लिहिलं आहे ते वाचे, आता मास्तरांवरचा मास्तर आहे. बरोबर सांगतलं ना?

बकरीले दोन पिल्लं झाली. एक लंगडं आहे, पण पळण्यात तेच पुढं. पऱ्हे टाकून झाले, धानाची रोपं वर येऊन राहिली. शकुनबाई पऱ्हे पाहून उसासा टाकते. पाच वर्षांमागच्या पुरात तिची कोठी सडली अन् तिचं काळीकुसळ धान गेलं, एक दाणा राहिला नाही. तिच्या सासूच्या सासूपासूनचं बी. नदी दहा दिवस धानाच्या बांधीत बसली तरी पुन्हा उभं राहणारं. तुले आठवते का, तू नागपूरले शिकत होता तेव्हा मी तिच्यापुढं पदर पसरून त्यातलं सूपभर बी तुझ्यासाठी आणलं होतं. तू म्हणाला, आजी, तिथं उगवलंच नाही. शकुन काल म्हणे, तुझ्या नातवाच्या हाती उगवलं असतं तर आज जगात असतं. मी म्हटलं, जाऊ दे, पोराचा काय दोष.

फोन करू नको, मले त्यात ऐकू येत नाही. लिहायले तूच शिकवलं, आता भोग. जेवत जा. आजीवरची माया खुर्चीखाली दाबून ठेवू नको.

तुझी,
आनंदाआजी


२४ जून २०२५

ती. आजीस धनंजयचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांसमोर उघडलं आणि बॅनरवर न हसल्याची कसर तिथे भरून काढली. इथे दिवसभर फायली येतात, माणसं येतात, सगळी उभी राहून बोलतात. खुर्ची मऊ आहे पण पाठ दुखते. प्रयोगशाळेत आता पाय ठेवायला वेळ मिळत नाही, याचं मात्र वाईट वाटतं.

आता एक गोड बातमी. ज्या एका जनुकामागे मी बावीस वर्षं घालवली, ज्याच्यावर माझी पीएच.डी. झाली, ज्याच्यामुळे विभागप्रमुख झालो, संशोधन संचालक झालो आणि आज इथे बसलो आहे, त्या कामातून तयार झालेलं नवं धान ५ ऑगस्टला विद्यापीठाच्या वर्धापनदिनी शेतकऱ्यांच्या हाती जाणार आहे. पुरात बुडून राहिलं तरी मरत नाही. त्या धानाचं नाव ठेवलं आहे ‘आनंदा’. तुझं नाव, आजी! गावोगावच्या दुकानात पोत्यांवर छापलेलं असेल.

त्या दिवशी मंचावर तुझा सत्कार आहे. गाडी पाठवतो. निळं लुगडं नेस. सोबत कार्यक्रमाची पुस्तिका पाठवतो आहे. मुद्दाम मोठ्या अक्षरात छापून घेतली आहे, सावकाश वाच.

शकुनआजीला नमस्कार. तुझ्या आशीर्वादाचं छप्पर डोक्यावर राहू दे.

तुझा,
धनंजय


कारधा,
६ जुलै २०२५

चि. धनंजयले आशीर्वाद. वि. वि.

पुस्तिका पोचली. माझं नाव छापलेलं पाहून मी बकरीलेही दाखवलं. निळं लुगडं काढून उन्हात टाकलं. एवढा आनंद एकटीले कसा पचणार? मी शकुनले ओसरीवर बसवलं, चहा दिला अन् मोठ्यानं वाचायले लागली. तुले माहीत आहे, मी बोट ठेवून वाचते, एक एक अक्षर. घाई असती तर बरं झालं असतं. तिले नीट ऐकू गेलं नसतं.

मी वाचलं, या धानाचं मूळ बी कुलगुरूंच्या आजी आनंदाबाई यांच्या नदीकाठच्या शेतात मिळालं. मी थांबली. मले वाटलं, आपलंच वाचणं चुकलं. आपली बांधी तर वर आहे, तिथं नदी कधी येत नाही. पुन्हा वाचलं. पुढं लिहिलं होतं, कुसळ काळी, दाणा बारीक, शिजताना वास असा की शेजाऱ्याले कळते, दहा दिवस पाण्याखाली तग धरते.

शकुननं चहाचा कप खाली ठेवला. तिनं पहिली गोष्ट काय विचारली सांगू? नाव कोणाचं ते नाही विचारलं. तिनं विचारलं, म्हणजे ते जिवंत आहे का? मी हो म्हटलं. ती खूप वेळ हसली, डोळे पुसत हसली. मग तिले उमगलं. ती म्हणे, आनंदा, तू तर मले सांगतलं होतं उगवलं नाही. मी म्हटलं, मले पोरानं तसंच सांगतलं. ती म्हणे, अन् हे पुस्तक तुझ्या शेताचं नाव सांगून राहिलं. चहा तसाच टाकून उठून गेली. नऊ दिवस झाले, भिंतीपलीकडून आवाज नाही. सत्तर वर्षांत असं नाही झालं. तिच्या नवऱ्याचं अन् माझ्या नवऱ्याचं शेताच्या धुऱ्यावरून भांडण झालं होतं, तेव्हाही आम्ही भिंतीवरून भाजी देत होतो.

धनंजय, आपल्या आळीची रीत तुले माहीत आहे. बी विकत नाहीत. पदरात घेतात. अन् उगवलं की त्याचा पहिला भात ज्या घरचं बी त्या घरी नेऊन वाढतात. मी तिले तसा शब्द दिला होता. हे दुसरं धान असन. तू तसं लिहून पाठव, म्हणजे मी तिले वाचून दाखवते. लवकर लिही. रोवण्याचे दिवस आहेत, पण माझं चित्त बांधीत नाही.

तुझी,
आनंदाआजी


१४ जुलै २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी घरून लिहितो आहे, ऑफिसातून नाही. वाचून झालं की फाडून टाक.

आजी, ते तेच धान आहे. तुझ्याशी खोटं बोलून आता काय मिळवू? तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. बी ज्याच्या शेतातलं त्या शेतकऱ्याची सही असलेला कागद सोमवारच्या आत द्यायचा होता. शकुनआजी लेकीच्या बाळंतपणाला अड्याळला गेली होती, दोन महिने येणार नव्हती. तू समोर होतीस. मी त्याच सुट्टीत तुला सही शिकवली होती. कागद पुढे केला आणि तू न विचारता, जीभ बाहेर काढून, किती सुंदर सही केलीस! मला वाटलं, नंतर बदलून घेऊ. पण त्या कागदावर पुढचा कागद चढला, त्यावर आणखी. बी उगवलं असं सांगितलं असतं तर तू पहिला भात मागितला असतास आणि गावभर झालं असतं. म्हणून नाही म्हणालो. पुढे पुरात तिचं बी गेलं, हे तू लिहिलंस तेव्हाच मला कळलं.

आता बदलणं माझ्या हातात नाही. ही खुर्ची मिळू नये म्हणून झटलेली माणसं इथेच शेजारच्या खोल्यांत बसतात. माझी मुदत पाच वर्षांची आहे. ती संपली की मी स्वतः सगळं जाहीर करीन, शपथ घेतो. तोवर शकुनआजीलाही मंचावर बोलावू. ज्येष्ठ शेतकरी महिला म्हणून शाल, श्रीफळ देऊ. तिला बरं वाटेल.

आणि आजी, रागावू नकोस, पण कागदावर सही तुझी आहे. उद्या बोभाटा झाला तर लोक तुलाही सोडणार नाहीत. माझ्यासाठी नाही तर तुझ्यासाठी तरी गप्प राहा. तुझ्याशिवाय मला कोणी नाही, हे तुला माहीत आहे.

तुझा,
धनंजय


॥ श्री ॥

कारधा,
२२ जुलै २०२५

चि. धनंजय यास. वि. वि.

आशीर्वाद शेवटी लिहीन, लिहिण्यासारखं राहिलं तर.

तुझं पत्र फाडलं नाही. भिंतीपलीकडं घेऊन गेली. शकुननं दार उघडलं नाही, तर दाराबाहेर बसून मी मोठ्यानं वाचलं, एक एक अक्षर, माझ्या सहीचंही. ‘जीभ बाहेर काढून’ हे वाचताना मले थांबा लागलं. मले ती सही अजून आठवते. मी त्या दिवशी सगळ्या आळीले सांगत फिरली होती की आता अंगठा नाही, आता मी सही करते. कोणत्या कागदावर केली ते एकानंही विचारलं नाही. मीही नाही विचारलं. तू आणला होता ना कागद. तुझ्यावर कायले संशय घेईन?

वाचून झालं तेव्हा तिनं दार उघडलं. म्हणे, आत ये, ओलं लागन. मी तिचे पाय धरायले वाकली, तर म्हणे, उठ, तुझा गुडघा अडकला तर मले उचलता येणार नाही. शालीचं मी विचारलं. म्हणे, शाल घेऊन बकरीले पांघरू का? पाच वर्षांचंही विचारलं. ती चुलीत लाकूड सारायले लागली. ती शहाऐंशीची आहे, धनंजय. या साली पऱ्हे टाकाची वेळ तर गेलीच. पुढचं साल पाहीन का नाही, हेच ती रोज देवाले विचारते, अन् तू तिले पाच मोजायले सांगून राहिला.

मले तुझ्या खोट्याचं दुःख आहे, पण पोट्टं सव्वीस वर्षांचं होतं, भ्यालं असन, हे मी समजून घेतलं असतं. शेवटचं मात्र गिळवत नाही. तू माझीच सही माझ्यावर उगारली. अक्षर शिकवलं तेव्हा म्हणाला होता, आजी, आता तुले कोणी फसवू शकणार नाही.

म्हणून मी काल एक काम केलं. तुझ्या विद्यापीठाच्या मोठ्या ऑफिसले पत्र लिहिलं. तुझ्या घरी नाही, ऑफिसले. चार दिवस लागले, पाच कागद वाया गेले. त्यात लिहिलं, हे बी माझ्या शेतातलं नाही, शकुनबाईच्या बांधीतलं आहे, मी कागद न वाचता सही केली, ती चूक माझी. खाली शकुनचा अंगठा, बाजूले माझी सही. पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. पोस्टातली पोरगी म्हणे, आजी, नातवाले पाठवून राहिल्या का? मी म्हटलं, हो, नातवालेच.

तुझ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. तुझं पत्रही जोडलं नाही, ते पेटीत आहे. मी माझ्यापुरतं सांगतलं. तुझं तुले सांगाचं आहे. मंचावर सांग का खोलीत सांग, पण पाच तारखेच्या आत सांग. लोकं मले चोर म्हणतीन तर म्हणू दे. शकुन मले म्हणाली नाही, माझं भागलं.

माझ्यासाठी गाडी पाठवू नको. पाठवायचीच असन तर तिच्यात सूपभर बी ठेव अन् संगं तांदूळ, अन् तू स्वतः बस. आधी शकुनच्या घरी उतर. भात तिच्या चुलीवर शिजन, पहिलं ताट तिले वाढजो. मग भिंतीवरून आवाज दे. मी जागीच असन.

आशीर्वाद लिहून राहिली, कारण हात ऐकत नाही. माया तुटली नाही, दुखते आहे, एवढंच समजून घे. निळं लुगडं घडी करून पेटीत ठेवलं.

तुझ्या ऑफिसात माझं पत्र आलं की खालची सही नीट पाहजो. तीच आहे, तू शिकवली तशीच. फक्त या बारी मी वाचून केली आहे.

तुझी,
आनंदाआजी